ओढणारा भाता

६ जानेवारी, सोमवार
आज परत तेच. चाकूरच्या भजनी मंडळाचा माणूस पेटी छातीशी धरून दारातच उभा. "अप्पा हाईत का?" हाईत की. पण हात कापतात त्यांचे. सहा वर्षं झाली, लातुरातल्या या दुकानात पेट्या मीच दुरुस्त करतेय. अप्पा आतून म्हणतात कसे — "द्या तिच्याकडं, पोरगी माझ्या हाताखालीच हाय." हाताखाली! सत्तेचाळीस वर्षांची पोरगी मी. लोकांचं जाऊ दे. बापानं तरी एकदा म्हणावं ना, हे वर्षाराणीचं काम आहे म्हणून.

उदगीरच्या वीरेशशेठचा पियानो म्हणूनच अंगावर घेतलाय. त्यांच्या आजोबांनी हैदराबादहून आणलेला, आपोआप वाजणारा. भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी लावायची, पायानं भाते मारायचे, की पट्ट्या आपल्या आपण खाली जातात. म्हणजे जायच्या. आता आत उंदीर, कसर, सगळं आहे. पंचवीसला शेठ बघायला येणार.

९ जानेवारी
अठ्ठ्याऐंशी हातोड्या. तारेवर पडणारं टोक नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, ते कसरीनं खाल्लेलं. जुना नमदा वाफेवर सोडवला, नवा सरसानं चिकटवला. प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडा, नाहीतर गोंधळ. एकतीस झाल्या. अप्पांनी चष्मा लावून सगळ्या पाहिल्या नि एक उचलली. "ही तिरकी हाय."

तिरकीच होती. बाकीच्या तीस सरळ होत्या, ते नाही बोलले.

१३ जानेवारी, भोगी
आतल्या रबरी नळ्यांचा पार भुगा झालेला. कॉलेजच्या लॅबचं सामान मिळतं त्या दुकानात गेले. दुकानदार — "पोरगा नीटला हाय का, मॅडम?" म्हटलं, हाव, नव्वद वर्षांचा आहे, लाकडाचा. बिचाऱ्यानं चाळीस मीटर नळी मोजून दिली.

१८ जानेवारी
भात्याच्या झडपा. कातडं मी कापलं, बाजू अप्पांनी सांगितली. "पेटीसारख्याच लाव. हवा आत गेली पाहिजे. पन्नास वर्षं हेच केलं." फळीच्या बाहेरच्या अंगाला जुन्या सरसाचे डाग होते. अप्पा म्हणाले, कुण्या अडाण्याचं काम, घासून टाक. घासले.

१९ जानेवारी, रविवार
भाते मारले. एक पट्टी हलली नाही. वर कागद मात्र पापडासारखा फुगला. अप्पा म्हणतात, नळीत उंदीर बसला असंल. नव्या कोऱ्या नळीत!

दुपारभर त्या कागदाकडं बघत बसले. फुगतो, म्हणजे कागदामागच्या पितळी दांडीच्या भोकांतून वारा बाहेर येतोय. कागदानं तर त्या भोकांना चिकटून बसायला पाहिजे. पेटी वारा फुंकते, हा पियानो ओढून घेतो. ते डाग अडाण्याचे नव्हतेच, जुन्या झडपा बाहेरूनच लावलेल्या होत्या. अडाणी आम्ही दोघं.

आता सांगायचं कसं? पन्नास वर्षांत त्यांना कुणी चूक म्हटलेलं नाही. मला भीती वाटते, खरंच.

२० जानेवारी
अप्पा सोमवारचे देवळात गेले, तेवढ्यात झडपा उलट्या बाजूनं लावल्या. चोरासारखं.

२५ जानेवारी, शनिवार
वाजला! पट्ट्या आपल्या आपण पळत होत्या, चहावाला किटली घेऊन तसाच उभा. वीरेशशेठ अप्पांना म्हणाले, "तुमचा हात अजून तसाच हाय."   मग खाली वाकून अप्पांनी भात्यात बोटं घातली नि झडप चाचपली. लई वेळ चाचपत होते. उठले, घरी गेले. जेवले नाहीत.  मी आधी सांगायला पाहिजे होतं.

२७ जानेवारी
दुकान उघडायला गेले, तर अप्पा बाहेर गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर. मांडीवर त्यांची स्वतःची पेटी. लग्नाआधी घेतलेली, आईलासुद्धा कधी हात लावू दिला नाही तिला.

"भाता दम धरंना," म्हणाले. "कधी मिळंल, मिस्त्री?"

मी पेटी दोन्ही हातांनी उचलून घेतली. म्हटलं, "काम लई हाय सध्या. शनिवारी या."