अर्जातली बाई

मुलुंड पूर्व,
मंगळवार, दुपार

प्रिय प्रेमा,

हे पत्र खालच्या मजल्यावरच्या दीप्तीच्या हाती देते आहे. ती उद्या बोरिवलीला माहेरी जाणार आहे, तिथून गोराईला तुझ्या खोलीवर येऊन जाईल. तिला चहा दे, पण तिच्यासमोर पाकीट फोडू नकोस. पोळीभाजी केंद्रातही नेऊ नकोस, घरी एकटी असताना वाच. घाबरू नकोस गं, सगळ्यांच्या तब्येती चांगल्या आहेत. फोनच करणार होते, पण तुझ्या फोनचा आवाज फक्त स्पीकरवर येतो, आणि शेजारी लाटणं थांबवून ऐकणाऱ्या तुझ्या मैत्रिणी. जे सांगायचं आहे ते लाटण्यांच्या मध्ये सांगण्यासारखं नाही.

अक्षताच्या दहावीच्या वह्यांतली कोरी पानं शिवून ठेवली होती, त्यावर लिहिते आहे. सकाळी पोथी उघडून बसले, तर एकच ओवी पुन्हा पुन्हा वाचत होते. जपाला बसले, तर बोट कुठल्या मण्यावर आहे तेच कळेना. शेवटी देवाला म्हटलं, आधी प्रेमाला पत्र लिहून येते, मग तुझ्यापाशी बसते.

अक्षताला बारावीनंतर धंद्याचं शिक्षण देणाऱ्या त्या मोठ्या कॉलेजात जायचं आहे, हे तुला माहीत आहेच. मला वाटायचं, मार्क असले की प्रवेश होतो. आपल्या वेळी यादी लागायची, नाव असलं तर पेढे, नसलं तर दुसरं कॉलेज. आता तसं नाही. वेगळी परीक्षा असते, त्यात गणित आणि इंग्रजी. मग स्वतःबद्दल निबंध. मग पोरांना गोल बसवून एखाद्या विषयावर बोलायला लावतात, आणि शेवटी मुलाखत. जागा मूठभर आणि अर्जांचा पाऊस. म्हणून ह्यांच्या कुर्ल्याच्या ऑफिसातल्या एकाने स्टेशनच्या पलीकडच्या तेजल मॅडमचं नाव सुचवलं. त्या असे अर्ज तयार करून देतात. फी ऐकून मी पदराने कपाळ पुसलं. पण मुलीच्या शिक्षणात काटकसर करायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं, म्हणून वर्षभर बाजूला ठेवलेलं होतं ते दिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा आईवडिलांनाही बसवलं. बाई बोलायला गोड. म्हणाल्या, परीक्षेत तर सगळेच हुशार असतात, कॉलेजला बघायचं असतं की मूल स्वतःहून काय करतं. कुठे पुढाकार घेतला, कोणाला बरोबर घेतलं, चुकलं तेव्हा काय केलं. मला ते फार पटलं, प्रेमा. मी मनात म्हटलं, माझी अक्षता यातच बसते. आणि मीच मोठ्या तोंडाने गिरणीची गोष्ट सांगितली.

तुला आठवते ना, आपण दोघी घरी भाजणी करून विकायचो तेव्हाची? समोरच्या बिल्डिंगमधल्या शांताबाईंनी आपली उपवासाची भाजणी घेणं बंद केलं, मग त्यांच्या ओळखीतल्याही एकेक गळायला लागल्या. आपण दोघी म्हणत होतो, नवीन दुकान झालंय तिकडे वळल्या असतील. आठवीतली ही कार्टी घरोघरी पिशव्या पोचवायची, तिने सरळ शांताबाईंना विचारलं, आजी, आमचं पीठ का नको? त्या म्हणाल्या, चव झकास आहे गं, पण थालीपीठ मोडलं की चपातीचा वास येतो. मग ही डबा घेऊन गिरणीत जाऊन उभी राहिली, तेव्हा कळलं की गव्हाच्या पाठोपाठ आपलं दळण टाकतात. मला तर घेरीच आली, इतके सोमवार लोकांचे उपवास आपण मोडले! तू हसत सुटलीस. देवाक म्हायत आसा गो गिरण कोणाची ता, म्हणालीस. आणि अक्षताने काय केलं? गिरणीवाल्याला म्हणाली, आठवड्याच्या सुट्टीनंतर जातं साफ केलेलं असतं, तेव्हा पहिलं दळण उपवासाचं घ्या, मी गल्लीतली सगळी उपवासाची दळणं तुमच्याकडे आणते. तो ओरडला, तू मला धंदा शिकवतेस? पण पुढच्या आठवड्यापासून तसंच करायला लागला. शांताबाई परत आल्या.

तेजल मॅडमनी ऐकून घेतलं आणि हसल्या. क्यूट है, म्हणाल्या, पण यात इम्पॅक्ट कुठे आहे? मी ह्यांच्याकडे बघितलं, हे भिंतीवरच्या पोरांच्या फोटोंकडे बघत होते. कोणी म्हणे गावात शाळा उभारली, कोणी तळं साफ केलं. घरी येताना अक्षता पुलावर थांबून म्हणाली, आई, प्लीज यार, पुन्हा ते पिठाचं सांगू नकोस. त्या दिवसापासून माझं तोंड बंद झालं. दर शनिवारी ती एकटी जाऊ लागली. काय लिहितात, काय नाही, मला इंग्रजीतलं काय कळणार?

मग एक दिवस आली आणि म्हणाली, अर्जात अशा कोणाचा तरी फोन नंबर द्यायचा आहे ज्याने माझं काम जवळून पाहिलंय, कॉलेजवाले त्यातल्या काही जणांना फोन करतात. मी क्षणाचाही विचार केला नाही, तुझाच दिला. तू तिला अंगाखांद्यावर खेळवलंस, पाढे तू शिकवलेस, किलोमागे काय सुटतं हे मला जमण्याआधी तिला समजावलंस. तुझ्याहून जवळून कोणी पाहिलं? आणि तेव्हाच मी तुला फोन करून म्हटलं, काही विचारलं तर नुसतं हो हो म्हण, उगाच गोंधळू नकोस. तू एका शब्दाने विचारलं नाहीस. माझा काय जाता गो, हो म्हणतलंय, फक्त फोनार बोलूक खयची साडी नेसू ता सांग. केंद्रातल्या सगळ्या हसलेल्या मला ऐकू आल्या. मीही हसले.

गेल्या शनिवारी मुलाखतीची तालीम होती आणि अक्षता छत्री विसरून गेली होती. मी ती द्यायला गेले. मॅडम आतल्या खोलीत तिला प्रश्न विचारत होत्या, मी बाहेर बाकावर बसले. इंग्रजी चालू होतं, पण मध्ये मध्ये तुझं नाव येत होतं. प्रेमा, प्रेमा. मला आधी बरंच वाटलं. मग अक्षताचा आवाज कापरा झाला, आणि मॅडम म्हणाल्या, हां, इथेच थांब, इथे एक श्वास घे. तो कापरा आवाजही तालमीतलाच होता, बघ. माझ्या हातातली छत्री मी कधी घट्ट धरली कोण जाणे, घरी आले तरी बोटं दुखत होती.

घरी आल्यावर तिला देवासमोर बसवलं आणि म्हटलं, जे लिहिलंयस ते मला मराठीत सांग. आधी उडवून लावलं, मग चिडली, मग सांगितलं. प्रेमा, तेच आता तुला सांगायचं आहे. मघापासून उठून दोनदा गॅस पुसून आले.

त्यात भाजणीचा उद्योग अक्षताने सुरू केला आहे. त्याला इंग्रजी नाव आहे, मला ते धड उच्चारता येत नाही. त्यात एक प्रेमा नावाची बाई आहे. ती निरक्षर आहे, तिला नोटा मोजता येत नाहीत, अक्षताने तिला मोजायला शिकवलं. ती एक वेळ जेवायची, आता दोन वेळ जेवते. आणि त्या बाईला तिच्या नवऱ्याने टाकलं आहे. त्याने पनवेलला दुसरा संसार मांडला आहे, आणि ही लोकांना नवरा जहाजावर आहे म्हणून सांगते, त्याच्या नावाने स्वतःच भेटी आणून शेजाऱ्यांना दाखवते. ते सगळं आहे त्यात. तो दुबईचा म्हणून दाखवलेला साबणही आहे.

हे तू मला सोडून कोणाला सांगितलं नव्हतंस, मीही सांगितलं नाही. आमच्या ओट्यापाशी बसून तू रडलीस तेव्हा अक्षता बाहेरच्या खोलीत गृहपाठ करत होती. आपल्याला वाटलं, लहान आहे. लहान नव्हती गं. एवढी वर्षं तिने तोंडातून काढलं नाही, तुला मावशी मावशी करत राहिली. आणि मॅडमनी विचारलं, कोणाच्या आयुष्यात खरं दुःख तू पाहिलंयस का, तेव्हा तिच्याजवळ एवढंच होतं.

मी तिला मारलं नाही. मारावंसं वाटलं होतं. ती म्हणाली, आई, आडनाव लिहिलेलं नाही, मावशीला काय फरक पडतो? मी म्हटलं, नंबर दिलायस ना? उद्या फोन आला आणि केंद्रातल्या सगळ्यांसमोर स्पीकरवर कोणी विचारलं, तुम्हीच का त्या नवऱ्याने टाकलेल्या, तर? मग म्हणाली, तिथे सगळ्यांकडे काहीतरी मोठं सांगायला असतं, मी काय सांगू, दळण आणलं? तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तालमीतलं नव्हतं. मी आपली दहावी झालेली बाई, मला काय ठाऊक त्या खुर्च्यांवर बसलेल्यांना काय आवडतं. माझ्या दृष्टीने दळणाचंच मोठं होतं. पण माझी दृष्टी त्या कॉलेजात चालत नाही.

हे म्हणाले, शुभा, ताणू नकोस, सगळेच थोडं वाढवून सांगतात. लग्नाच्या बायोडेटात लोक काय काय लिहितात, तुझ्या भावाने नाही का गृहकृत्यदक्ष मुलगा म्हणून लिहिलं होतं? एरवी मी हसले असते. म्हटलं, त्याने स्वतःबद्दल लिहिलं होतं, दुसऱ्याचं दार उघडून दाखवलं नव्हतं. मग हे पेपर घेऊन गॅलरीत गेले. वाईट माणूस नाही. पोरीचं होईल की नाही या धास्तीने झोपत नाहीत.

मी तेजल मॅडमकडेही जाऊन आले, काल. म्हटलं, नंबर बदला, निबंध बदला. त्या म्हणाल्या, आंटी, फॉर्म गेला. आता कॉलेजला मेल करून काही बदललंत तर त्यांना शंका येईल, मुलीची वाट लागेल. वर म्हणाल्या, तुमच्या फ्रेंडने फक्त येस म्हणायचं आहे, त्यात काय एवढं? चहा पाजला मला. मी तो तसाच ठेवून आले, असं मी कधी करत नाही.

आज सकाळी अक्षताला सांगितलं, तू स्वतः कॉलेजला लिही की हे खरं नाही, नाहीतर मी मावशीला सगळं लिहीन. ती म्हणाली, मग सरळ म्हण ना, माझं संपलं. डबा न घेताच लायब्ररीत गेली. लिहिलं की नाही मला माहीत नाही, पण तुला फोन कधी येईल याचा नेम नाही म्हणून मी थांबले नाही. जाताना कपाट आपटलं, पण दार लावताना आवाज केला नाही, त्यावरून काय समजायचं याचा मी सकाळपासून विचार करते आहे.

तू रागावशील, ते मी धरून चालले आहे. पुन्हा माझ्या दारात आली नाहीस तरी मी तुला दोष देणार नाही. पण प्रेमा, मला तुझ्या रागाची भीती नाही वाटत. मला भीती दुसरीच वाटते. मी तुला ओळखते. हे सगळं वाचून तू एकटी रडशील, तोंड धुशील, आणि मग म्हणशील, जाऊ दे, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, एक हो म्हटल्याने माझं काय जातं. फोन आला की केंद्रातून बाहेर जिन्यात जाशील, आणि निरक्षर का विचारलं तर हो म्हणशील, नवऱ्याने टाकलं का विचारलं तर हो म्हणशील, मुलीने तुम्हाला उभं केलं का विचारलं तरी हो म्हणशील. तू म्हणशीलच. आणि माझ्यातली आई, खरं सांगते, देवासमोर बसूनही मनातल्या मनात तेच मागत होती. म्हणून फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर तू हो म्हटलं असतंस आणि मी गप्प राहिले असते. नवऱ्याबद्दल कोणालाही काही सांगू नकोस, ते तुझं आहे, कोणी विचारलं तर फोन ठेवून दे. पण बाकी जे विचारतील त्याला जे खरं आहे तेच सांग. अक्षताचं जे व्हायचं ते होईल, ते मी बघून घेईन, तिचा अबोलाही सोसेन. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, माझ्या पोरीसाठीसुद्धा हो म्हणू नकोस.

ओट्यापाशी तुझी वाट बघणारी,
शुभा