आडवण बेटावरचं चाक

६ जानेवारी १९३४, शनिवार

पोचलो एकदाचे. रत्नागिरीहून आगबोटीने जयगड आणि तिथून काशीराम तांडेलाच्या होडीतून आडवण बेट. खाडीच्या तोंडाशी होडी अशी नाचली की सकाळचं सगळं मी समुद्राला वाहिलं. हे मात्र खुशाल बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. आषाढातल्या तापाने यांचे पाय गेले तेव्हापासून उचलायचं, बसवायचं, निजवायचं मीच. आज यांना माझी काळजी घ्यायला मिळाली म्हणून स्वारी खूश. मला चिडवलंसुद्धा. इतक्या महिन्यांत मास्तरांना चेष्टा सुचली नव्हती.

डॉक्टर म्हणाले आहेत, समुद्राची हवा द्या, तेल चोळा, पाय पुरते मेलेले नाहीत. तेवढ्यावर मी जगते आहे. महिनाभर बेटावर राहणार म्हणून लोक आम्हाला चैनी म्हणोत, मला यांना पुन्हा शाळेच्या पायऱ्या चढताना बघायचं आहे.

काशीरामच्या घराची समुद्राकडची बाजू आम्हाला मिळाली आहे. वर टेकाडावर जुना किल्ला, खाली वाळू. बेटावर मोटार नाही, बैलगाडी नाही, काहीच नाही. इथे जमिनीवर चाक चालवत नाहीत. ओझं डोक्यावर, माणूस डोलीत. उतरण्याआधी काशीरामने प्रत्येक बोचक्याला हात लावून विचारलं, चाकबिक नाय ना आनलंस, बाय? मी म्हटलं, गोधड्या आहेत.

गोधड्यांत चाकांची खुर्ची आहे. सुताराकडून सुटी करून घेतली होती.

८ जानेवारी, सोमवार

चाकाची गोष्ट काशीरामने यांना रंगवून सांगितली. किल्ल्यावर मोठी तोफ चढवायची होती. बैल मिळेनात, म्हणून किल्लेदाराने माणसं जुंपली. निम्म्या चढावर गाडा मागे आला आणि दोर कमरेला बांधलेली माणसं घेऊन समुद्रात गेला. त्याचं वर जायचं राहिलंच आहे. बेटावर चाक फिरलं की त्याला वाटतं, आपल्याला बोलावलं. यांनी लहान मुलासारखं ऐकून घेतलं. मी आत जाऊन हसले.

काशीराम आणि त्याची बायको सोनूबाई आज सकाळी मासळी घेऊन जयगडला गेली. मी लगेच खुर्ची जोडली. हे म्हणाले, राहू दे, त्यांच्या घरात राहतोय आपण, डोली काय वाईट आहे. पण डोलीत बसल्यावर यांचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. रोज कोणाच्या तरी खांद्यावरून जायचं. मी ऐकलं नाही. वाळूच्या कडेच्या कातळावरून चांगली लांबवर खुर्ची ढकलली. वारा सुटला होता. आम्ही दोघं काहीतरी जुनं आठवून पोट धरून हसलो. मग खुर्ची पुन्हा माळ्यावर, गोधडीखाली.

१० जानेवारी, बुधवार

काय लिहू. यांनी उजव्या पायाची बोटं हलवली.

मी तेल चोळत होते आणि बोटं हलली. मला वाटलं माझ्याच हाताने हलली असतील. म्हटलं, पुन्हा करा. पुन्हा हलली. मी रडले, हे गप्प होते. आनंदाने माणूस गप्प होतो कधी कधी.

दुपारी डोळा लागला होता तेव्हा कुठेतरी लाकूड करकरत होतं. होडी ओढत असतील.

१३ जानेवारी, शनिवार

हे उभे राहिले. भिंतीला धरून, पण उभे. संध्याकाळी ओटीपर्यंत चालत आले. मी सोनूबाईला हाका मारून बोलावलं. ती पदर तोंडाला लावून बघत राहिली आणि निघून गेली. बाईला कौतुक नाही कशाचं.

एक मात्र खटकतं. हल्ली जेवण झालं की मला झापड येते, अगदी दगडासारखी झोपते. जागी होते तेव्हा यांच्या पायांना ओली वाळू असते. चालण्याचा सराव करतोय म्हणाले. मला उठवायचं होतं म्हटलं, तर म्हणाले, तू दमतेस. आणि छातीवरून खांद्यापर्यंत रुंद लाल वळ आहेत. विचारलं तर सदरा घातला.

१६ जानेवारी, मंगळवार

झापड येऊ नये म्हणून आज मी जेवलेच नाही. पाट मांडला, भात चिवडला, आणि डोळे मिटून पडून राहिले.

ऊन टळटळीत होतं. हे उठले, भिंतीला न धरता, आणि गेले. मी मागोमाग. वाळूत दोन खोल चाकोऱ्या समुद्रातून वर आलेल्या. त्यांच्या पुढे पावलंच पावलं, अनवाणी, टाचा न टेकलेली. चाकोऱ्या माझ्या डोळ्यांसमोर लांब होत होत्या. गाडा नव्हता. दोर नव्हता. फक्त हे होते, सगळ्यात पुढे, वाकून, छाती पुढे काढून, दिसत नाही ते ओझं ओढत चढावर चाललेले. खालचे दगड फुटत होते.

मी हाक मारली. यांनी वळून पाहिलं नाही.

१७ जानेवारी, बुधवार

काशीरामला सगळं सांगितलं. त्याने माळ्यावर चढून खुर्ची काढली. मला वाटलं शिव्या देईल. तो खालीच बसला आणि म्हणाला, बाय, तुला इचारला होता ना मी.

खुर्ची खोल पाण्यात टाकून आला. मग यांना होडीत बसवलं. वल्ही मारून मारून त्याच्या दंडाच्या शिरा फुगल्या. वारा नव्हता, भरती होती, आणि होडी जागची हलेना. मागून कोणी धरून ठेवावी तशी. शेवटी हे म्हणाले, काशीराम, पुरे. मला खाली उतरव.

मदत आणायला मी एकटी बसले तेव्हा तर होडी उलटी काठालाच येऊन लागली.

१९ जानेवारी, शुक्रवार

हे वाळत चाललेत. पाय तेवढे भक्कम, बाकी हाडं. भाकरी पुढे ठेवली तर चावायची ताकद नाही. दुपार झाली की उठतात.

आज मी दाराला कडी घालून दारात बसले. हे समोर बसले आणि सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं, नाहीतर सांगणार नव्हते. ज्याने चाक फिरवलं त्याला गाडा नेतो. त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी, मी झोपले असताना, तो अंगणापर्यंत आला होता. माझ्यासाठी. यांनी निजल्या जागेवरून म्हटलं, तिला नको, मला न्या. मी पांगळा आहे, पण मला न्या. तेव्हा पायांत जीव आला.

पाय त्यासाठी आले.

आणि मी तेल चोळत होते. देवापुढे साखर ठेवली होती.

मग यांनी मला अलगद बाजूला केलं, कडी काढली आणि गेले.

२० जानेवारी, शनिवार

आज मी आधी जाऊन उभी राहिले. चाकोऱ्यांच्या मधोमध. ओरडले, मी आणलं चाक, मी फिरवलं, मला घ्या. गार वारा माझ्या दोन्ही बाजूंनी गेला. दम लागल्याचे आवाज. किती तरी. त्यांत यांचा ओळखला. हे माझ्या अगदी जवळून गेले, अंगाला अंग लागलं— नजर जमिनीवर.

नंतर काशीराम सांगत होता, आता मागून उपयोग नाय. खांदा कबूल केलेला हाय. तो खांदा मोडला का मंग गाडा परत पयल्या माणसाला बघतो.

यांना सोनूबाईने आणि मी उचलून आणलं. चढावर पडले होते. खांद्याचं हाड बाहेर—

२१ जानेवारी, रविवार

हे उठले नाहीत. पाय पुन्हा पूर्वीसारखे झालेत. सकाळपासून चोळतेय. बोटसुद्धा हलत नाही.

दुपार होत आलीय. आमच्या दारालाही मी कडी घातलीय. काशीरामची माणसं सगळी घरात, दारं लावून. सोनूबाई जाताना माझ्या पाया पडली. का पडली ते—

करकर सुरू झाली. वाळूवर.

काल मी ओरडले होते, मला घ्या. मनापासून ओरडले होते. देवाशपथ.

गाडा अंगणात आलाय. तुळशीपाशी. खिडकीतून दिसत काही नाही, पण शेणाने सारवलेलं अंगण खचतंय, दोन पट्टे. थांबला. पावलं थांबली. वाट बघतायत.

उठायला हवं. यांनी माझ्यासाठी— मला उठायला हवं. मला भीती वाटते. माझे पाय चांगले आहेत, धडधाकट आहेत, आणि मी उठत नाही. लिहितेय. लिहितेय तोवर उठावं लागत नाही म्हणून—

यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला कळलं यांना काय कळलंय ते.

अंथरुणावरून खाली पडले. कोपरांवर सरपटतायत. दाराकडे. मोडका खांदा फरशीवर— आवाज येतोय— मी हात धरायला हवा, हाताच्या अंतरावर आहेत— अहो नका जाऊ— हे मी लिहिलं, बोलले नाही—

उंबऱ्याशी पोचले. कडीला हात पुरत नाही. माझ्याकडे बघतायत, कडी काढ म्हणून. कडी काढ म्हणतायत. मी उठले तर कडी काढायला उठले की स्वतः जायला—