सालईच्या चुलीवरचा रस्सा

अंगद भाऊजींना वहिनीचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही. कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा. गुडघा कसा आहे? सत्यशीलेचा खोकला गेला का? मी धडधाकट आहे. (हे वाक्य परत वाचा.) फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र निजामुद्दीनच्या जीपनं कन्नडला आणि तिथून एसटीनं पुढं पाठवते आहे.

तुमची ही बायको, सत्यशीला, परवा मला म्हणाली, "आक्का, लाकडाला काय बघायचं? जळतं ते लाकूड!" तिकडं शहरात, छावणीतल्या घरात गॅसचं बटण फिरवणाऱ्या बाईनं हे मला सांगावं? संसारभर मी चूल पेटवली, पण लाकूड माझ्यापर्यंत मोळी होऊनच यायचं. कुठलं कसं जळतं, हे मी विस्तवावरून सांगीन. ते उभ्या झाडात ओळखणं तुमच्या दादांचं काम. ते गेले आणि आमचं अर्धं ज्ञान घेऊन गेले. (बाकी काही नेलं नाही, चपलासुद्धा दारातच आहेत.)

आधी मी काटे बघून बाभूळ म्हणून पांगारा आणला. तो कागदासारखा भडकला आणि भाकरी कच्ची ठेवून विझला. मग ग्रंथालयातून झाडांचं जाडजूड पुस्तक आणून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सगळी चित्रं पानाफुलांची! वाळक्या फांदीला पानं असतात का? ज्यानं ते लिहिलं, त्याच्या घरी चूल नसणार.

शेवटी डोंगरात पांढुरकी, साल सुटलेली फांदी दिसली. धावडा पांढरा असतो आणि निखारा धरतो, एवढं मला ठाऊक. मोळी बांधून आणली, मटण चढवलं. निघाली सालई! सालईत डिंक असतो, तो जळला की देवळातल्या धुपासारखा वास सुटतो. थोड्या वेळात गल्लीतल्या बाया डोक्यावर पदर, हातात नारळ घेऊन दारात. पुढं शेजारची गीताबाई. "पूजा घातलीस व्हय गं? आन् आम्हाला सांगायचं नाय?" म्हणत तिनं प्रसाद समजून पातेल्यावरचं झाकण उचललं. आत रस्सा. नारळ परत पदराखाली गेले. आता गावभर झालंय की नवऱ्यामागं हिचं डोकं फिरलं, ही मटणाला धूप दाखवते. (त्यातल्या दोघींनी जाताना वाटीभर नेलं, हे मात्र कुणी सांगत नाही.)

एकटीनं जमत नाही असं दिसलं, तर पावसाळ्याआधी मला छावणीत न्यायचं, ही तुमची अट. मग सांगा, जमत नाही ते कशावरून? मटण उत्तम शिजलं होतं. वासाचं म्हणाल, तर चार घासांनंतर तो कळत नाही. घर माझं, चूल माझी, मी इथंच राहणार.

तुमची वहिनी,
राजाबाई

ता. क. गीताबाईच्या फोनआधी हे पोचावं म्हणून घाई केली. तिचा फोन आलाच असेल, तर ती म्हणते ते सगळं खरं आहे, डोक्याचं सोडून.

आणखी एक ता. क. लहानपणी तुम्ही दादांच्या मागं डोंगरात जायचात. नखानं साल खरवडून ते काय बघायचे, हे विचारायला आता तुम्हीच उरलात. रविवारी या. न्यायला नाही, शिकवायला. आणि एका रविवारात मला येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.