फक्त तीन गोधड्या

३ मार्च

आजपासून रोजनिशी. घर बदलायचं आहे. अशा वेळी घरात एका तरी माणसाचं डोकं ठिकाणावर असावं लागतं. ते माझं आहे.

नवं घर लेकीने शोधलं. दोन खोल्या, मोठ्या खिडक्या, गुळगुळीत फरशी. महिनाअखेरीला हे घर सोडायचं, मालकाला चावी द्यायची. कारण म्हणे हिची छाती. डॉक्टर म्हणतो, कापडाचं तूस हिच्या फुप्फुसात जाऊन बसलंय, या घरात राहिली तर पुढचं सांगता येत नाही. मी गोधड्या शिवतो. उभा जन्म कापडात गेला. तूस बाधायचंच तर आधी मला बाधायला हवं, आणि मी ठणठणीत आहे. हे मी डॉक्टरला शांतपणे समजावलं. त्याने एक्स-रे उजेडासमोर धरला. मी चष्मा नेला नव्हता.

खरं कारण ओल. मागची भिंत. मी पहिल्यापासून सांगतोय.

४ मार्च

लेकीने अट घातली. मागच्या खोलीतलं काहीही नव्या घरात येणार नाही. गाठोडी नाहीत, पेट्या नाहीत, चिंध्या नाहीत. पांघरायला तीन गोधड्या, त्याही धुऊन, प्लास्टिकमध्ये बंद करून.

‘चिंध्या’ या शब्दाला मी हरकत घेतली. म्हटलं, जगात माणसं दोनच प्रकारची, फाडणारी आणि जोडणारी. कारखान्यातलं ब्लँकेट ऊब देतं, पण ते कुणाचं नसतं. गोधडीत माणसं असतात. मग बोलत गेलो. माणूस अंगावर कातडं घेऊन फिरत होता तिथपासून सुरुवात केली आणि यंत्रयुगापर्यंत आणून सोडली. असा ओघ पुष्कळ दिवसांत लागला नव्हता. लेक मधेच पाणी आणायला उठली, ती आलीच नाही.

हिने नुसती बोटं वर केली. तीन. हिचं बोलणं अलीकडे फार नेमकं झालंय. पूर्वी एकदा सुरू झाली की थांबायची नाही, आता दोन-तीन शब्दांत काम भागवते.

मी शब्द दिला. तीन म्हणजे तीन. शब्द फिरवणाऱ्यांतला मी नव्हे.

७ मार्च

मागची खोली काढली. तीन ढीग: न्यायचं, द्यायचं, टाकायचं. शिस्तीत सुरुवात. अडचण अशी की प्रत्येक तुकडा ओळखीचा निघतो. बँडवाल्याच्या कोटाची बाही, शाळेच्या पडद्याचा मखमली कोपरा, लेकीचा पहिला फ्रॉक, एका न्यायाधीशांच्या पायजम्याचा पाय. हा माणूस कोर्टात ताठ असायचा, पायजमा मात्र फुलाफुलांचा. हे आता माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? आणि मी तो पाय टाकून देऊ?

म्हणून चौथा ढीग केला: विचाराधीन. दुपारपर्यंत बाकीचे तिन्ही ढीग त्यात सामावले. पसारा एकदम कमी झाल्यासारखा वाटला.

‘विचाराधीन’मध्ये हिचा एक गाऊनही गेला. तो ही अजून वापरते असं नंतर कळलं.

९ मार्च

लेक विचारून गेली, किती काढलं. म्हटलं, वर्गीकरण पूर्ण झालंय.

दरम्यान कोपऱ्यावरच्या शिंप्याचं दुकान बंद होतंय. त्याने कातरणीची दोन पोती देऊ केली. चांगला माणूस आहे, मन मोडवलं नाही. पोती मागच्या जिन्याने आणली.

११ मार्च

सुचलं! दाढी करताना सुचलं. गालाला साबण तसाच ठेवून लिहितोय.

तीन गोधड्या असं ठरलंय. किती जाड, हे ठरलेलं नाही. गोधडीला खाली अस्तर, वर तुकड्यांचा चेहरा आणि मध्ये भरण. भरणात जुनं कापड घालायचं हे तर आमच्या धंद्यात चालत आलेलंच. तेव्हा अख्खी खोली तीन गोधड्यांच्या पोटात घालायची. शब्दही राहिला, कापडही राहिलं. हे डोकं एखाद्या वकिलाच्या खांद्यांवर असतं तर तो मंत्री झाला असता.

हिला इतक्यात सांगायचं नाही. नव्या घरात गेल्यावर सांगेन. किती खूश होईल.

१३ मार्च

काम जोरात. भरणाचे थर सपाट बसावेत म्हणून शिवणी उसवाव्या लागतात, मोठे तुकडे फाडावे लागतात. मी फाडतोय, पण जोडण्यासाठी. हा फरक समजायला माणूस सुज्ञ हवा.

दार बंद ठेवतो. फटीला ओला टॉवेल लावतो. मला हिच्या तब्येतीची पर्वा नाही असं म्हणणाऱ्या लेकीने हा टॉवेल येऊन बघावा. म्हणजे, येऊन बघू नये, पण विचार करावा.

खिडकी उघडी ठेवता येत नाही, हलके तुकडे उडतात. ऊन तिरपं आत येतं तेव्हा सगळं तूस हवेत तरंगताना दिसतं. फार सुंदर दिसतं. टॉवेल संध्याकाळपर्यंत वाळतो, पुन्हा भिजवायचं राहून जातं. उद्यापासून लक्षात ठेवायचं.

१५ मार्च

हिला मोकळ्या हवेची आवड लागलीय. दुपारभर जिन्यात पायरीवर बसते. खालच्या वहिनींनी तिला खुर्ची दिली. लोकांना उगाच वाटतं घरात काही बिनसलंय.

झोपतेही बसूनच, पुढे उशी घेऊन. म्हटलं, आडवी हो, पाठ धरेल. मान हलवली. हट्टी आहे, पहिल्यापासून.

पंप डॉक्टरने सकाळ-संध्याकाळ सांगितलाय. ही मनाला येईल तेव्हा ओढते. औषधाच्या बाबतीत शिस्त हवी, हे मी तिला समजावून सांगितलं. ती ऐकत होती. निदान मधे बोलली नाही.

१८ मार्च

पहिली गोधडी पुरी! साधी सुई आत शिरेना. तीन मोडल्या. शेवटी पोती शिवायचं दाभण आणलं आणि पलीकडून पक्कडीने ओढलं. एकेक टाका म्हणजे कुस्ती. झाल्यावर भिंतीला टेकवून पाहिली. टेकवायची गरज नव्हती, ती आपली आपण उभी राहते. इतकी भरदार गोधडी मी जन्मात पाहिली नाही. घडी होत नाही, पण घडी न पडणं हा काही दोष नव्हे.

डॉक्टरचा फोन. खोली रिकामी झाली का. म्हटलं, झपाट्याने होतेय. हे शंभर टक्के खरं होतं.

२० मार्च

ही दाराबाहेर उभी राहून म्हणाली, फाडल्याचा आवाज येतोय. म्हटलं, बांधाबांध चाललीय. बराच वेळ ती तिथेच उभी होती, श्वास ऐकू येत होता. आत शिट्टी वाजल्यासारखा. मग पावलं जिन्याकडे गेली.

दुसरी गोधडी अर्धी झाली. शिंप्याची पोतीही तिच्यातच बसतील. मनासारखं काम होत असलं की तब्येत कशी खुलते.

२२ मार्च

आज गडबड झाली.

हिला जिन्यातच धाप लागली. खालच्या वहिनींनी वर येऊन दार बडवलं. दार बंद, त्यात मी टाके ओढत होतो, लवकर ऐकू आलं नाही. ऐकू आल्याबरोबर उठलो. ओळ अर्धवट सोडली तर सगळी सुटते, म्हणून तेवढी ओळ पुरी केली. खाली पोचलो तर दवाखान्याची गाडी हिला घेऊन गेली होती. वहिनी पायरीवर उभ्या होत्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. घाबरल्या असाव्यात.

लेकीने फोनवर सांगितलं, ऑक्सिजन लावलाय. मी म्हटलं, बघ, ओल.

२३ मार्च

दवाखान्यात गेलो. नर्सने दारातच अडवलं. माझ्या स्वेटरवर तूस होतं म्हणे, काढून ठेवा आणि मग आत या. म्हटलं, बाई, या तुसावर आमचं घर चाललं. म्हणाली, मग ते घरीच ठेवा. ही आजची पिढी.

तत्त्वाचा प्रश्न होता. स्वेटर काढला नाही. काचेतून हात केला. हिच्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे हसली की नाही ते दिसलं नाही. हसली असावी.

२६ मार्च

घरात कुणी नाही. कामाला वेग आलाय. टॉवेलची भानगड नाही, दार उघडं टाकून बसतो. दुसरी पुरी, तिसरीचं अस्तर पसरलं. तूस पार स्वयंपाकघरापर्यंत आलंय, पण आता तिकडे जातंय कोण?

हिला बघायला उद्या नक्की जायचं.

२७ मार्च

जमलं नाही. उद्या ती घरीच येतेय.

२८ मार्च

तिसरीचा शेवटचा टाका सकाळी घातला. खोली रिकामी! फरशी दिसली. निळी आहे. मला ती पांढरी आठवत होती.

लेक हिला दवाखान्यातून थेट नव्या घरी नेणार होती. हिनेच ऐकलं नाही, एकदा इथे येऊन जायचं म्हणाली. आली तशी तोंडाला पदर लावून मागच्या खोलीशी गेली. रिकामी खोली बघितली. मग भिंतीशी उभ्या असलेल्या तिघींकडे बघितलं. हिला नव्या घरी सांगायचं ठरवलं होतं, पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. खरं सांगायचं तर मी त्या क्षणाची वाटच पाहत होतो.

हिने पहिल्या गोधडीवर तळवा ठेवला. दाबला. तो आत गेलाच नाही.

“यात सगळं आहे?” हिने विचारलं.

“एक दोरा सोडला नाही,” मी म्हटलं.

हिने तळवा पदराला पुसला. मग म्हणाली, “बरं.”

एवढ्या संसारात हिने माझं म्हणणं वाद न घालता मान्य केलं, असं पहिल्यांदाच झालं. माणूस आजारपणात शहाणा होतो. लेक मात्र रडवेली झाली होती. दोघी लगेच वहिनींकडे झोपायला गेल्या, ट्रक येईपर्यंत तिथेच राहणार म्हणे.

३० मार्च

आज ट्रक आला. हिला लेकीने सकाळीच खाली गाडीत नेऊन बसवलं, काचा बंद करून. कपाट, पलंग, भांडी, सगळं भराभर उतरलं. शेवटी गोधड्या.

हमाल दोघे होते. पहिली उचलताना एकाने विचारलं, काका, आत माणूस आहे का. म्हटलं, पुष्कळ आहेत. तो हसला नाही. जिन्याच्या वळणावर ती अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मी वरून सूचना देत होतो. हमालांनी हिसका दिला आणि शिवण फाटली. ढिगारा पायऱ्यांवरून खाली गेला. बाही, मखमल, फ्रॉक, सगळं. आणि तूस. जिना पांढराफटक झाला. दोन्ही हमाल खोकत खोकत बाहेर पळाले, एकाला उलटी झाली. धडधाकट माणसं. काहीतरी खाल्लं असेल.

मी तुकडे वेचत खाली दारापर्यंत आलो. ओंजळभर घेऊन गाडीशी गेलो. काच बंदच होती. हिने हाताने खूण केली, मागे व्हा. मी मागे झालो. आणखी मागे, अशी खूण केली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, तेव्हा तिने बोटभर काच खाली घेतली.

“अहो, तुम्ही इथेच राहा,” ती म्हणाली. मधे थांबली, श्वास घेतला. “तुमचं सगळं इथेच आहे.”

काच वर गेली. लेकीने माझ्याकडे न बघता गाडी सुरू केली. ट्रक मागोमाग गेला.

राखणीला विश्वासाचं माणूस लागतं, ते हिने बरोबर ओळखलं. दोन गोधड्या वर, एक जिन्यात, एकटं टाकून कसं जायचं? दुसऱ्या खेपेला येतील. तोवर फाटलेली शिवण घालून घेतो.

३१ मार्च, सकाळ

दुसरी खेप आली नाही. ट्रक मिळाला नसेल. पलंग गेल्यामुळे गोधडीवर झोपलो. फार कडक आहे. पाठीला चांगलं असतं म्हणे.

घरमालकाने रंगारी पाठवला. तो भिंती खरवडतोय. त्याला ओलीची मागची भिंत दाखवली. त्याने हात फिरवला, टिचकी मारून पाहिली. म्हणाला, काका, ही तर ठणठणीत कोरडी आहे. अलीकडे कारागिरांना कामातलं काही कळत नाही.

३१ मार्च, दुपार

मालक येऊन गेला. संध्याकाळी चावी हवी म्हणाला. गोधड्यांचं काय करणार, असंही विचारलं. मी त्याला गोधडीच्या इतिहासाबद्दल थोडं सांगायला घेतलं. त्याला काम होतं.

३१ मार्च, चार वाजता

लेकीचा फोन आला. ट्रक केव्हा पाठवतेस म्हणून विचारलं. ती म्हणाली, ट्रक येणार नाही. हिची चौकशी केली. म्हणाली, आई बरी आहे, सकाळपासून बोलतेय. म्हटलं, कशाबद्दल? म्हणाली, कशाबद्दलही.

आता ती फोन ठेवेल असं वाटलं.

“बाबा,” ती म्हणाली, “आई विचारतेय, तुम्ही रिकाम्या हाताने येऊ शकाल का?”

प्रश्न साधा नाही. त्यात कारागिरी आहे, परंपरा आहे, माणसाने आपल्या हातच्या कामाशी इमान राखायचं की नाही, हे आहे. असल्या गोष्टी फोनवर ठरत नाहीत.

म्हटलं, विचार करून सांगतो.

पलीकडे कुणीतरी श्वास घेतला, सावकाश, सबंध, कुठेही न अडकता, आणि सोडला. मग फोन बंद झाला.

कोण होतं कळलं नाही. ही नव्हती. हिचा श्वास मी ओळखतो.