बौद्धाचार्याचं लग्न

प्रिय अश्वजित,

तू चंद्रपूरला जाऊन लपलास आणि इथं गावाची तोंडं मी बंद करत बसले आहे. हापशीवर गेलं की अंजनाबाई मुद्दाम मोठ्यानं विचारते, काऊन वं, तुझा भाऊ कवा येते? तिला उत्तर नकोच असतं. वैताग आलाय बाबा!

अरे, बौद्धाचार्य म्हणून गावातली किती लग्नं तू लावलीस. नवरदेव पिऊन आला तर तोंड धुवून येईपर्यंत तू त्रिशरण सुरू करायचा नाहीस. लोक पोरांना तुझं उदाहरण द्यायचे. आणि तू प्रेमात पडलास कुणाच्या? वडशाच्या नाटक कंपनीतल्या नयनाच्या! नागपूरची, नवऱ्याला सोडलेली, स्टेजवर खलनायिका होणारी. बरं, पडलास तर पडलास. भर बाजाराच्या दिवशी, पांढऱ्या कपड्यांत, तिच्या लुनावर मागे बसून गावातून मिरवायची काय गरज होती? तीही तसलीच. आपल्या तळ्यात भरदुपारी पोहली. विहार समितीचे अध्यक्ष सोमाजीभाऊ काठावरून ओरडले, तर त्यांनाच म्हणाली, या ना आत, पाणी मस्त आहे. मला तिचा राग येतो. मग हसू येतं, आणि हसू आल्याचा आणखी राग येतो.

दुसऱ्याच दिवशी सोमाजीभाऊ विहाराची किल्ली घेऊन गेले. जाताना म्हणाले, बाई, तुमच्या भावानं समाजाचं नाक कापलं. तोंड उघडायला तू इथं नव्हतास, म्हणून ते मला ऐकावं लागलं.

आणि आता तुझा निरोप, की तुमचं लग्न लावायला कुणीच बौद्धाचार्य तयार नाही, म्हणून कोर्टात सही करून मोकळे होतो. मोकळे होतो म्हणे! साऱ्या गावाला मंगल गाथा ऐकवल्यास आणि स्वतःचं लग्न रेशन कार्डासारखं उरकणार?

शिकत होतास तेव्हा चुलीपाशी बसून गाथांचं पाठांतर करायचास. भात ढवळता ढवळता तुझ्या चुका कोण सुधारायचं, विसरलास? मला अजून सगळं पाठ आहे. बाईनं लग्न लावलं म्हणून बोंबलतील, बोंबलू दे. नाहीतरी बोलतातच. रविवारी तिला घेऊन ये. विहार नाही तर नाही, आपलं अंगण सारवून ठेवते. तुझं लग्न मी लावणार. आणि वडशापासून लुनावरच या, तू मागे बसून, बाजाराच्या रस्त्यानं.

तुझीच,
संघप्रियाताई