मिठाच्या बरणीची जागा

हॅनकॉक, ९ नोव्हेंबर १९८६

चि. टाऊनोस आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. बर्फ सुरू झालाय. तुझे बाबा रोज फावडं मारतात आणि रोज कुरकुरतात.

परवा स्वयंपाकघरातली फळी पुसली. कॉलेजात आइस हॉकीचा पहिला गोल केला की ती रबरी चकती आईकडे यायची, ही आपली रीत. तुझ्या दोन्ही भावांच्या आल्या. तिसरी जागा रिकामी, म्हणून तिथं मी मिठाची बरणी ठेवलीय. तू पडलास गोलरक्षक, गोल करणार कुठून? मला त्याचं काही नाही रे. पण बाबाही जन्मभर गोलरक्षक, त्यांचीही चकती कधी आजीकडे गेली नाही. न्हाव्याच्या दुकानात उर्होकाका म्हणतो, तुमच्या घरात दोन खेळाडू आणि दोन दाराचे अडसर. बाबा तिथं हसतात आणि घरी येऊन गप्प जेवतात.

लोकरीचे मोजे घाल. माया आहेच, पत्रही असू दे.

तुझी आई

कॉलेज वसतिगृह, ७ डिसेंबर

ती. आईस टाऊनोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि माझं डोकं फिरलं. पुढच्याच सामन्यात समोरचा संघ एका गोलने मागे होता, म्हणून शेवटी त्यांनी गोलरक्षक बाहेर काढून जादा गडी आणला. मी आपल्या जाळ्यापासून त्यांच्या रिकाम्या जाळ्याकडे चकती भिरकावली. ती त्यांच्या गड्याने अडवली, लगेच गोल करून बरोबरी साधली आणि जादा वेळेत आम्ही हरलो. कोच म्हणाले, पुन्हा असले चाळे केलेस तर पाण्याच्या बाटल्या भरायला बसवीन.

काल मात्र गंमत झाली. आमच्या गड्याची चूक झाली, पंचांनी हात वर केला. अशा वेळी चकती आमच्या ताब्यात आली की शिट्टी वाजून खेळ थांबतो, म्हणजे आम्हाला गोल करताच येत नाही, म्हणून कालच्या संघानेही गोलरक्षक काढून जाळं रिकामं केलं. एक फटका माझ्या पायाच्या गादीवर आदळून परत गेला. त्यांच्या गड्याने ती चकती न बघता मागे ढकलली, मागे कोणी नव्हतंच. ती घरंगळत त्यांच्याच जाळ्यात गेली. आमच्याकडून शेवटचा स्पर्श माझा, म्हणून गोल माझ्या नावावर. मी तेव्हा पालथा पडलो होतो आई, पाहिलासुद्धा नाही.

चकती सोबत आहे. पण ती फळीवर ठेवू नकोस, मला लाज वाटते. बाबांना खरं काय ते सांग. उगाच अभिमान धरतील आणि उर्होकाका आणखी चिडवेल.

तुझा टाऊनो

हॅनकॉक, १५ डिसेंबर

चि. टाऊनोस अनेक आशीर्वाद.

तू म्हणालास म्हणून पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, पालथं पडल्यासकट. ते म्हणाले, आधी फटका अडवला ना, मग झालं. लाज कसली धरतोस? थोरल्याची चकती त्याच्या ढुंगणाला लागून आत गेली होती, मी प्रेक्षकांत होते. फळी काही विचारत नाही.

तरी बरणी अजून तिथंच आहे. चकती बाबांच्या कोटाच्या खिशात असते, झोपतानाही कोट उशाशी. न्हाव्याकडे पहिल्या दिवशी त्यांनी तू लिहिलंस तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू ती स्वतः मारली होतीस. काल तू चार गड्यांना चकवून गेलास आणि उर्होकाकाने बाबांच्या दाढीचे पैसे दिले. रात्री बाबा जेवताना इतकं बोलले की माझा रस्सा निवला.

तेव्हा नाताळला घरी आलास की न्हाव्याकडे जा आणि तोंड बंद ठेव. इथं तुझा गोल बाबांनी केलाय.

वेलचीचा पाव करून ठेवते. लवकर ये.

तुझी आई