बुजवलेला रस्ता आणि माझ्यामागची वाटणी

पाणी मुरावं म्हणून मुद्दाम छिद्रं ठेवलेला रस्ता कोणी सिमेंट फासून गुळगुळीत केला, आणि तो माणूस आपला बाप निघाला, तर त्याच्यावर किती रागवावं? मला माहीत नाही. बाकी सर्व बाबतींत माझी बुद्धी शाबूत आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली न येता स्वहस्ते लिहीत आहे.

"लग्नाच्या वयात मृत्युपत्र कसलं लिहिताय?" वहिनी विचारते. परवाच्या पुरात मी प्रयोगशाळेच्या तळघरात गळ्याएवढ्या पाण्यात अडकले होते. तिथेच संपले असते, तर त्या रस्त्यावर घातलेल्या माझ्या सच्छिद्र फरशीची कृती प्रयोगशाळेच्या मुख्य साहेबांच्या कपाटात कुलूपबंद झाली असती.

१. ही कृती, म्हणजे बारीक वाळू वगळून खडी आणि सिमेंटचं प्रमाण, सोबत जोडली आहे. कोणीही फुकट वापरावी. साहेबांनाही मनाई नाही. त्यांनी निदान एकदा वाचावी.

२. घरातला माझा हिस्सा आईला. बँकेतली शिल्लक वहिनीच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणाला. दादाने त्यात हात घालू नये. त्याला माझी स्कूटर द्यावी. नाहीतरी तोच फिरवतो.

३. चाळण्या आणि साचे माझ्या कॉलेजला.

४. रस्त्याच्या ठेकेदाराला एक बादली. ती भरून त्याने त्या रस्त्यावर ओतावी आणि पाणी मुरेपर्यंत तिथेच उभं राहावं. "उद्घाटनाला रस्ता चकाचक दिसला पाहिजे" असं बाबांना सांगणारा तोच.

५. बाबांना काही नाही. ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला वाटा देऊ नये म्हणतात म्हणून, आणि द्यावंसं वाटलं नाही म्हणूनही. गवंडीकामात त्यांचं आयुष्य गेलं. म्हणतात, "खडबडीत दिसत होतं गं. लोक म्हणाले असते, शिकलेल्या पोरीचं काम कच्चं." त्यांच्या या मायेपायी खालच्या गल्लीतले संसार वाहून गेले.

६. साहेब म्हणाले, "पुराच्या अहवालात फरशीच निकामी होती असं लिहून दे. वडिलांवर ठपका येणार नाही, त्यांचं कामही टिकेल." तसं लिहिलं, तर या शहरात अशी फरशी पुन्हा कोणी बसवणार नाही. मी बाबांना विचारलं. "खरं काय ते लिही," म्हणाले आणि ताटावरून उठले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. इथे सही करतो, असा निरोप आईकडून आला.

सही: मी, घरातली पहिली पदवीधर
साक्षीदार: १. माझे वडील, गवंडी
२. शेजारच्या शिवणकामवाल्या काकू
ठिकाण: आमचं स्वयंपाकघर, भिंती अजून ओल्या
दिनांक: पूर ओसरल्यानंतरचा सोमवार. अहवाल सकाळीच दाखल केला आहे. त्यात बाबांचं नाव आहे. ठेकेदाराचं त्याच्या वर आहे.